गाडीचं मागचं सीट

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली आणि आई, तुझा चेहराच उतरला. ‘अगं बाई, आतडीच काढलीस की गं तिची,’ म्हणालीस आणि फोन बाबांच्या हातात दिलास. बाबा काहीच बोलले नाहीत, म्हणजे त्यांनाही लागलं असणार. तेव्हा मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. आपली जुनी एस्टीम मी ट्रॅकवर, म्हणजे गाड्या पळवायच्या बंदिस्त रस्त्यावर, चालवण्यासाठी हलकी केलीय.

काढलं ते असं: मागचं सीट, स्टेपनी नि जॅक, एसी, खालचं कार्पेट, छताचं कापड, दारांचे आतले पुठ्ठे, स्पीकर, आणि पत्र्याला चिकटवलेल्या डांबरी पट्ट्या. बाबा, तुम्ही कापूस वेचणीचा हिशोब लिहिता ना, तशी एकेक वस्तू काट्यावर ठेवून वहीत लिहिली. सीट 14 किलो, स्टेपनी-जॅक 16, एसीचं सगळं सामान 18. एकूण 72 किलो. एसीला मी आधी हात लावला नाही. त्यात गॅस दाबाखाली असतो, अंगावर उडाला तर कातडी जाते. तो मेकॅनिककडून नीट काढून घेतला, मगच पाइप सोडवले.

डांबरी पट्ट्यांनी मात्र तीन रविवार खाल्ले. गाडीचा आवाज, थरथर दबावी म्हणून कंपनी त्या लावते. हीटगनने ऊब द्यायची, मऊ झालं की पट्टीनं खरवडायचं. पहिल्या रविवारी मास्क न लावता बसले, तर रात्रभर डोकं ठणकत होतं. पुढं मास्क लावूनच बसले, दारं उघडी टाकून. एवढं करून निघालं 7 किलो. पण खालचा पत्रा स्वच्छ दिसला, कुठं गंज नाही, तेव्हा बरं वाटलं. आपल्या 2004 च्या एस्टीमला तुम्ही किती जपलं होतं ते त्या पत्र्यावर दिसत होतं.

एवढा आटापिटा कशाला, असं तुम्ही विचाराल. बाबा, उसानं भरलेली बैलगाडी उताराला लागली की बैल मान ताठ करून मागं रेटतात, तरी गाडी पुढं ओढतेच. मोटारीत ते काम ब्रेक आणि टायर करतात. वजन कमी असलं की ब्रेक कमी तापतात, वळणावर टायरवर ताण कमी येतो. म्हणजे हलकी गाडी नुसती पळते असं नाही, थांबतेही लवकर.

पण हलकं करायचं ते ओझं, हाडं नाही. इथल्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, बंपरमागची लोखंडी पट्टी कापू, चेसिसला भोकं पाडू, आणखी दहा किलो सहज जातील. मी त्याच संध्याकाळी गाडी तिथून हलवली. बंपरमागची पट्टी, दारांच्या पोटातले आडवे दांडे, धडक बसली की चुरगळून जोर झेलणारा पुढचा भाग, इंजिन आणि माणूस यांच्यामधला पत्रा, पुढची काच: यातलं काहीही मी हलवलेलं नाही. माणूस वाचतो तो यांच्यामुळंच.

मोंढ्यातल्या भुईकाट्यावर गाडी तीनदा नेली. आधी 885 किलो, सामान काढल्यावर 815. पुढची चाकं तेवढी काट्यावर घेऊन वेगळं वजनही केलं, आणि तिथंच चूक दिसली. काढलेलं बरंचसं सामान मागचं होतं, त्यामुळं गाडी धुरजड, म्हणजे पुढं जड झाली. मागं भार नसला की जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी गर्रकन फिरते. तुम्ही बैलगाडी उलाळ, म्हणजे मागं जड झाली की पोती पुढं सरकवायचा, मी उलटं केलं. बॅटरी मागं स्टेपनीच्या खड्ड्यात नेली, पेटीत घट्ट आवळून, जवळच फ्यूज लावून. मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह बसवला आणि मोकळ्या मैदानात हळू वेगापासून वाढवत तपासून घेतला.

आता आई, तुझ्यासाठी. कमी केलेल्यातलं निम्मं वजन मी परत घातलंय. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलाय, गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून. एकटा तोच 32 किलोचा. अंगाला घट्ट धरणारे बेल्ट, आग विझवायची नळकांडी. शेवटचा काटा 850. पिंजऱ्याच्या गाडीत हेल्मेटशिवाय बसायचं नाही, उघडं डोकं पाइपवर आपटलं तर तोच पिंजरा घात करतो. म्हणून ही गाडी रस्त्यावर चालवायचीच नाही. कायद्यानंही, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं, असे बदल करून ती रस्त्यावर आणता येत नाही. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला 3.717 किलोमीटरचा ट्रॅक आहे, 1990 पासूनचा. तिथं ती ट्रकवर चढवून नेईन. तिथं ट्रॅक-डे असतो, म्हणजे आपापली गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस; ती शर्यत नव्हे. सगळ्या गाड्या एकाच दिशेनं जातात, समोरून कोणी येत नाही, झेंडे घेऊन माणसं उभी असतात, अँब्युलन्स तयार असते. आपल्या परभणी रोडवर रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीमागून येताना मला जेवढी भीती वाटते, तेवढी तिथं वाटत नाही.

सीट मी विकलेलं नाही. आजीला दवाखान्यात नेलं ते त्याच सीटवर, तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. ते भंगारात द्यायला हात धजावला नाही. आणि सीट उचललं तर खाली तिची मिसरीची डबी निघाली, झाकण गच्च बसलेली. ती उघडली नाही, तशीच ठेवलीय.

पोळ्याला येताना दोन्ही घेऊन येते. सीटला खालून सागाची चौकट ठोकली की ओसरीवर टेकून बसायला होईल. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून उंची 18 इंच धरलीय. मोजून बघा आणि कमी-जास्त हवी असेल तर शनिवारच्या आत कळवा, सुतार थांबलाय.

तुमची,
थोरली