सय्यद बंडाच्या चिलखताला रंग

प्रिय संज्या,

फोटो मिळाले. फोम कापण्यात तुझा हात चांगलाच बसलाय. छातीचं कवच तर घरी, जेवणाच्या टेबलावर कापलंय हे तुमच्या महाराष्ट्र मंडळात कुणाला पटायचं नाही. पण 'आता वरून सिल्व्हर स्प्रे मारला की झालं ना?' या प्रश्नाचं उत्तर नाही, लेका. नुसता सिल्व्हर मारलास तर तुमच्या अफझलखान-वधाच्या नाटकातला सय्यद बंडा फॉइलमध्ये गुंडाळलेल्या डब्यातल्या पोळीसारखा दिसेल.

त्याआधी एक. महाराजांसाठी वेगळं चिलखत करायचं डोक्यातून काढ. १० नोव्हेंबर १६५९ ला ते प्रतापगडाच्या पायथ्याशी गेले तेव्हा चिलखत अंगरख्याच्या आत होतं. पहिल्या प्रवेशापासून ते प्रेक्षकांना दिसलं तर प्रसंगातली हवाच गेली. खानाचा वार झाल्यावर फाटलेल्या अंगरख्यातून वीतभर कड्या चमकल्या की पुरे. तेवढा तुकडा काकूंकडून जाड सुती दोऱ्याचा विणून घे, जाड सुयांवर, सैल टाक्यांनी. तो काळा रंगव आणि वाळल्यावर ब्रशवर जेमतेम सिल्व्हर घेऊन वरवर फिरव. खाचा काळ्याच राहतात आणि दहा फुटांवरून विणकाम ओळखू येत नाही. नाटकवाल्यांची ही जुनी युक्ती आहे.

आता सय्यदचं. फोमला आधी हीट गन दाखव. पृष्ठभागाची भोकं मिटतात आणि अंगाला किंचित तकाकी येते, ती आली की पुढे सरक. केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही, ताकद पुरत नाही. खिडक्या उघड्या ठेव, मास्क लाव, पोरांना त्या खोलीत येऊ देऊ नकोस. सांधे बुजवायला भिंतीची लांबी (पुट्टी) मात्र चुकूनही वापरू नकोस. नटाने वाकून मुजरा केला की तडकून पडेल. मग फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून पातळ हात मार, एक वाळला की दुसरा. साधा फेव्हिकॉल भाद्रपदाच्या दमट हवेत आणि घामाने चिकट होतो, म्हणून मरीन आण. आणि ढालीचा मधला फुगवटा थर्माकोलचा करणार असशील तर त्यावर स्प्रे मारू नकोस, विरघळून खड्डा पडेल. तिथे ब्रशनेच रंगव.

अस्तर, म्हणजे रंगाचा पहिला थर, काळं. अगदी काळं. लोखंडाचा रंग चंदेरी नसतोच मुळी, काळसर करडा असतो आणि उजेड पडतो तिथेच तो चकाकतो. माझ्या मते यासाठी कुठल्याही महागड्या मेटॅलिक रंगापेक्षा पेन्सिलीचं शिसं सरस. ६बी किंवा ८बी पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून भुकटी कर आणि मऊ फडक्याने काळ्या रंगावर चोळ. चोळत गेलास की पोलादासारखी थंड झाक येते, ती डब्यातल्या रंगाला येत नाही. हात बरबटतात, फडकी वाया जातात, वहिनी ओरडतील, पण करच. रिव्हेट म्हणून कुंदन-मोत्यांच्या दुकानातले अर्धे मोती चिकटव, तेही आधी काळे, मग पितळी. पितळेच्या कडेला हिरवट कळक हवा असेल तर हिरव्यात थोडा निळा आणि पांढरा मिसळून पातळ कर, खाचेत सोड आणि वरचा लगेच पुसून घे.

खरी गंमत यापुढे. सगळे इथे गंज गंज करत सुटतात. सय्यद बंडा हा खानाचा खास माणूस, पट्टेबाज. असा माणूस हत्यार-चिलखत तेल लावून ठेवणार. गंजकं चिलखत घालून खानासमोर उभं राहायची त्याची टाप नव्हती. म्हणून गंज थोडा, आणि पाणी साचतं तिथेच: खालची कड, एकावर एक येणाऱ्या पट्ट्यांची फट, रिव्हेटच्या बुडाशी. छातीच्या मधोमध तपकिरी डाग दिसला तर मी तिकडे येऊन पुसेन! झीज मात्र भरपूर दाखव. डाव्या कमरेशी म्यान घासतं, खांद्यावर पट्टा घासतो, बकलाभोवती रोज बोटं लागतात. या जागा उजळ करायच्या, ओरखडे एका दिशेने काढायचे. वार अडवल्याच्या खुणा पुढच्या बाजूला, दोन-तीनच, पण खोल. तापवलेल्या सुरीच्या पाठीने फोममध्ये दाबून काढ, आणि हे अस्तराच्या आधी कर. उजव्या हाताच्या दस्तान्यात सगळ्यात जास्त जीव ओत. जिवा महालाचा वार तिथेच पडणार आणि सगळं प्रेक्षागृह तिकडेच बघणार.

गंजासाठी रंग विकत आणू नकोस. रांगोळीवाल्याकडे गेरू मिळतो. त्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे गंजाचा सख्खा भाऊ. त्यात चिमूटभर काजळी घाल, मॅट वॉर्निशमध्ये कालव आणि भांडी घासायच्या स्पंजच्या फाटक्या तुकड्याने टिपत जा. ब्रशने ओढलास की लगेच रंगवल्यासारखं दिसतं.

घरच्या ट्यूबलाइटखाली सगळं भडक वाटेल. घाबरू नकोस. स्टेजच्या पिवळ्या उजेडात निम्मं खाल्लं जातं, म्हणून हॉलमध्ये नेऊन शेवटच्या रांगेतून बघ आणि मगच हात थांबव. मुंबईला आलास की आपण वस्तुसंग्रहालयात जाऊ. तिथे अकबराचं १५८१ सालचं छातीचं कवच आहे, आणि ढालही. काचेला नाक लावून बघण्यासारखी चीज आहे.

सगळ्यावर शेवटचा हात वॉर्निशचा, आणि प्रयोगाआधी दोन दिवस वाळू दे. नाहीतर झटापटीत सय्यदचा गेरू जिवाच्या पांढऱ्या अंगरख्याला लागेल, आणि वार व्हायच्या आधीच रक्त आलं म्हणून पुढची रांग हसेल.

तुझा,
मन्या