मागणी किती घटली, तेही छापा

मा. संपादक,

सौर, पवन, हायड्रोजन यांतून किती वीज मिळणार, याच्या बातम्या रोज वाचतो. पण एवढी वीज मुळात लागते कशाला, हे कुणी विचारत नाही. माझी नोकरी पंप आणि मोटारींच्या देखभालीत गेली, त्यामुळे मला हाच प्रश्न आधी पडतो.

कारखान्यात ‘पुढेमागे लागेल’ म्हणून पंप गरजेपेक्षा मोठा घेतात. मग पाणी जास्त येते, म्हणून व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवतात. मोटार पूर्ण वेगाने फिरतच राहते आणि तिची ताकद त्या व्हॉल्व्हवर वाया जाते. जवळ उभे राहिले की तिथली घरघर ऐकू येते, हात ठेवला की थरथर जाणवते. व्हॉल्व्ह उघडा ठेवून ड्राइव्हने, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाने, पंपाचा वेग २० टक्क्यांनी उतरवला, तर पाणी नुसते फिरवायच्या कामात वीज जवळपास निम्मी लागते. पाइपचेही तसेच. तेवढेच पाणी दुप्पट व्यासाच्या पाइपमधून नेले, तर घर्षणाचा तोटा सुमारे बत्तिसाव्या हिश्शावर येतो. तरीही खरेदीच्या वेळी बारीक पाइपच पास होतो, कारण खरेदी करणारा वेगळा आणि वीजबिल भरणारा वेगळा.

कोळशाच्या वीजकेंद्रात उष्णतेतला साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो. म्हणजे मोटारीपाशी वाचलेले एक युनिट खाणीकडे तीन युनिटांचा कोळसा वाचवते. हा हिशेब शाळेत शिकवायला हवा, असे मला मनापासून वाटते.

पण नुसत्या काटकसरीच्या यंत्रांनी भागणार नाही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिले होते, की वाफेची इंजिने सुधारली तशी ब्रिटनमध्ये कोळशाची मागणी घटली नाही, उलट वाढली. वाचलेली ऊर्जा दुसरीकडे उधळली गेली, तर तेल आणि कोळसा जमिनीतच राहणार कसा? म्हणून वापराला मर्यादा हवी. १९९८ मध्ये झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातून सगळ्या कामांची ऊर्जा धरून माणशी सतत सरासरी २००० वॉटमध्येच भागवायचे, ही कल्पना पुढे आली. आकड्यावर वाद घाला, पण असा आकडा ठरवायलाच हवा. ज्यांच्या घरात अजून पुरेसा उजेड नाही, त्यांचा वापर वाढलाच पाहिजे. कपात करायची ती एकट्या माणसासाठी दोन टनांची गाडी पळवणाऱ्यांनी. तीच गाडी ताशी १२० ऐवजी ९० किलोमीटरने चालवली, तरी तेवढ्याच अंतरात हवा कापायला लागणारी ऊर्जा ४० टक्क्यांहून जास्त घटते. त्यासाठी नवा शोध लागत नाही, वेगमर्यादा पाळायला लावावी लागते.

पवनचक्क्या आणि सौर पॅनेल हवेतच. पण त्यांनाही पोलाद, काच, सिमेंट लागते, आणि जगातले बहुतेक पोलाद आजही कोळशावरच बनते. मागणी जितकी कमी, तितकी ही उभारणी लवकर पुरी होईल.

आपल्याला एकच विनंती. नव्या प्रकल्पाचे मेगावॉट छापाल, तेव्हा मागणी किती मेगावॉटने घटवली, हेही संबंधितांना विचारा आणि त्याच बातमीत छापा. उत्तर मिळाले नाही, तर तसेही छापा.

– एक निवृत्त देखभाल अभियंता