सुलूस पत्र: एकोणिसावं प्रकरण

पुणे, रविवार

प्रिय सुलू,

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेच "मग मुद्दा काय?" असं विचारतेस आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. यावेळी मुद्द्याला यायला वेळ लागणार आहे, म्हणून लिहिते. घरात सांगून पाहिलं. "पुस्तक आहे ना? वाच आणि परत दे" एवढ्यावर विषय संपला. तुझ्यावर मात्र भरवसा आहे, कारण चुकीचं पुस्तक चुकीच्या माणसाच्या हाती पडलं की काय होतं ते आपण दोघींनी त्या कंपनीत मध्यरात्री निस्तरलेलं आहे.

आईचा गुडघा बरा आहे, माझं बीपी गोळीवर नीट आहे, बाकी सगळे मजेत.

तर झालं असं. एका प्रकाशकाने मला हस्तलिखित तपासायला दिलं आहे. वेब डेव्हलपमेंटचं इंग्रजी पुस्तक, पाचशेवर पानं, मुखपृष्ठसुद्धा तयार. त्यावर ठळक अक्षरात लिहिलंय, 'अनुभवी वेब डेव्हलपरसाठी'. मी तांत्रिक चुका काढायच्या, अहवाल द्यायचा आणि मलपृष्ठासाठी चार कौतुकाच्या ओळी लिहायच्या, माझ्या नावानिशी. चुका म्हणाव्यात तर फार नाहीत. सगळा कोड उतरवून घेतला, चालवला, चालतो. तरीही वाचताना मला राग येत राहिला, आणि चालणाऱ्या कोडचा राग का यावा हेच आधी मला समजेना.

पहिली नव्वद पानं नोड (ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) कसं बसवायचं, एडिटर कुठला घ्यायचा आणि जावास्क्रिप्टच्या लेट-कॉन्स्टमध्ये (व्हेरिएबल जाहीर करायच्या दोन शब्दांत) फरक काय यात गेली आहेत. लेट आणि कॉन्स्ट 2015 साली आले, सुलू! ज्याने आठ-दहा वर्षं या कामात काढली त्याला हे शिकवायचं? इथे तू लगेच 'लेट अस सी', म्हणजे यशवंत कनेटकरांचं सी भाषेचं पुस्तक, बाहेर काढशील. काढ. त्या पुस्तकावरून झालेल्या सांगलीच्या भांडणात मी कनेटकरांच्या बाजूने होते आणि आजही आहे. नागपूरच्या त्या माणसाने ठरवलं होतं की समोरच्याने आयुष्यात कधी प्रोग्रॅम लिहिलेला नाही, आणि शेवटच्या पानापर्यंत त्या वाचकाचा हात सोडला नाही. तुझं कर्निगन-रिची, तेही सीचंच पुस्तक, याच्या अगदी उलट. दुसरी आवृत्ती 1988 ची, 272 पानं, आणि प्रोग्रॅम म्हणजे काय हे वाचकाला माहीत आहे असं धरूनच चालणारी. दोन्ही पुस्तकं आपापल्या वाचकाशी इमानदार होती. हे हस्तलिखित तसं नाही. नाव अनुभवी माणसाचं घेतं आणि बोलतं नवशिक्याशी. (माझ्या कनेटकरांवर तू चहाचा कप ठेवायचीस. मुखपृष्ठावरचा तो गोल डाग अजून आहे. बघायला ये.)

अनुभवी माणसासाठीचं पुस्तक मी कसं जोखते ते सांगते, मग तू भांड. मी पहिलं प्रकरण वाचतच नाही. मधलं कुठलंही पान उघडते आणि बघते, काही बिघडलं तर लेखक काय करतो. या पुस्तकात एक्सप्रेसची (नोडवर सर्व्हर उभारायच्या फ्रेमवर्कची) चौथी आवृत्ती आहे आणि सगळे राउट, म्हणजे एकेका पत्त्यावरची विनंती हाताळणारे भाग, असिंक, म्हणजे उत्तराची वाट बघत चालणारे. चूक पकडणारं ट्राय-कॅच एकाही ठिकाणी नाही. लेखकाच्या लॅपटॉपवर डेटाबेस कधी पडत नाही, त्यामुळे सगळं सुरळीत. खऱ्या सर्व्हरवर डेटाबेसला विचारलेली क्वेरी फसली की चौथी आवृत्ती ते रिजेक्ट झालेलं प्रॉमिस (फसलेल्या कामाची खबर) पकडत नाही, आणि नोड 15 पासून न पकडलेलं प्रॉमिस सगळी प्रोसेसच खाली आणतं. एका माणसाची एक विनंती फसली म्हणून बाकी सगळ्यांची साइट बंद! पाचव्या आवृत्तीत हे आपोआप एरर हँडलरकडे जातं, पण ती 2024 मध्ये आली, आणि चौथीवर चालणाऱ्या साइट अजून ढिगाने आहेत. नवशिक्याला हे पहिल्या दिवशी सांगू नये, मान्य. पण अनुभवी माणूस पुस्तक विकत घेतो ते याचसाठी ना?

दुसरी जागा सर्च बॉक्सची. टाइप कराल तसे निकाल येतात, डेमो सुंदर. पण 'पु' ची विनंती रेंगाळली आणि 'पुणे' ची आधी परत आली, तर थोड्या वेळाने 'पु' चे निकाल येऊन 'पुणे' च्या निकालांवर बसतात. वर बॉक्समध्ये एक शब्द, खाली यादी दुसऱ्याच शब्दाची. जुनी विनंती रद्द करायला ॲबॉर्ट कंट्रोलर आहे, तो या पुस्तकात शोधून सापडत नाही. ऑफिसच्या वायफायवर हे कधी दिसत नाही. एसटीत बसून फोन वापरणाऱ्याला रोज दिसतं.

तिसरं तुझ्या खात्यातलं, डेटाबेसचं आहे म्हणून आवर्जून सांगते. निकालांची पानं पाडायला सगळीकडे लिमिट (किती ओळी द्यायच्या) आणि ऑफसेट (आधीच्या किती सोडायच्या). ऑफसेट दोन लाख म्हणजे डेटाबेस दोन लाख ओळी आधी वाचणार, फेकून देणार आणि मग वीस देणार. त्यात मधेच नवी नोंद वर येऊन बसली की आधीच्या पानावरची शेवटची ओळ पुढच्या पानावर परत दिसते. शेवटच्या ओळीची किल्ली लक्षात ठेवून तिथून पुढचं मागायचं, हा मार्ग तू मला शिकवलास. पुस्तकात त्यावर एक वाक्यही नाही. आणि लॉगिनचं टोकन (ओळख पटवणारी खूण) ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे पानावर शिरलेली कुठलीही परकी स्क्रिप्ट ते उचलू शकते. लॉगआउट म्हणजे ते तिथून पुसणं. आधीच कुणी उचललेलं टोकन मुदत संपेपर्यंत चालतच राहणार, याबद्दल गप्प.

यातलं काही चूक आहे असं मला म्हणता येत नाही, तिथेच अडलंय. चूक असती तर समासात खूण केली असती आणि मोकळी झाले असते. जे लिहिलंय ते बरोबर आहे, आणि जे गाळलंय त्याचीच अनुभवी माणसाला गरज आहे. प्रकाशकाच्या तपासणीच्या तक्त्यात यासाठी रकानाच नाही. कोड चालतो का, भाषा सोपी आहे का, चित्रं स्पष्ट आहेत का, एवढंच. पुस्तक बाजारात आलं की तारे देणारेही पहिल्या आठवड्यातच देतात, दोन-तीन प्रकरणं वाचून, सगळं समजल्याच्या आनंदात. सहा महिन्यांनी ज्याची साइट बसते तो पुस्तकाच्या पानावर परत येऊन तारे काढून घेत नाही, कारण हे त्या पुस्तकामुळे झालं हे त्याला कळलेलंच नसतं. माझ्या टीममधली पोरं हीच पुस्तकं घेतात, सुलू. पगारातले आठ-नऊशे रुपये घालून, हौसेने. आणि 'अनुभवी' हा शब्द वाचून समजतात की आता आपल्याला सगळं सांगून झालं.

प्रकाशकाची घाई वेगळीच. "मॅडम, टेक्नॉलॉजी जुनी होतेय, लवकर करा." रिॲक्टची (वेब पानं बांधायच्या लायब्ररीची) प्रकरणं ज्या क्रिएट रिॲक्ट ॲप या साधनावर उभी आहेत ते 2025 च्या फेब्रुवारीत अधिकृतपणे मोडीत निघालं, म्हणून तो घाबरलाय. मला त्याची काळजी वाटत नाही. ते दोन दिवसांत बदलता येईल. फाउलर यांचं कोडची मांडणी सुधारण्यावरचं 'रिफॅक्टरिंग' 1999 मध्ये जावातल्या उदाहरणांवर आलं आणि 2018 च्या दुसऱ्या आवृत्तीत उदाहरणं जावास्क्रिप्टमध्ये गेली, तरी पुस्तक तेच राहिलं. इल्या ग्रिगोरिक यांचं ब्राउझर नेटवर्किंगचं पुस्तक 2013 चं. तेव्हा एचटीटीपी-2 (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांची पुढची आवृत्ती) प्रमाणितसुद्धा झालं नव्हतं, आणि तरी मी ते दर नव्या मुलाच्या टेबलावर ठेवते. कारण मूळ गणित बदलत नाही: प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद, केबल अगदी सरळ टाकली तरी. जोडणी करायला टीसीपीची एक फेरी, ती सुरक्षित करायला टीएलएस 1.3 ची एक आणि मग विनंतीची एक, म्हणजे पहिलं अक्षर दिसायच्या आत पावणेचारशे मिलिसेकंद गेले. कुठलाही फ्रेमवर्क आला तरी ही फेरी चुकत नाही, आणि हे ज्याला एकदा समजलं तो पुढची वीस वर्षं प्रत्येक रिक्वेस्ट विचार करून पाठवतो. क्रॉकफर्ड यांचं जावास्क्रिप्टवरचं 2008 चं छोटं पुस्तक घे. त्यातला बराच भाग 2015 नंतर जुना झाला. पण भाषेतलं काय वापरू नका हे नाव घेऊन सांगायची हिंमत त्या पुस्तकात होती, आणि ती मला या पाचशे पानांत दिसली नाही.

दिसली नाही असं लिहिलं खरं, पण आता मुद्द्याला येते. एका प्रकरणात दिसली. एकोणिसाव्या.

एकोणिसावं प्रकरण डेटाबेस मायग्रेशनचं, म्हणजे चालू डेटाबेसची रचना बदलण्याचं आहे. सुरुवातच अशी की लेखक एका छोट्या कंपनीत होता आणि भर दुपारी त्याने चालू टेबलवर साधा क्रिएट इंडेक्स (शोध वेगाने व्हावा म्हणून सूची बनवायचा हुकूम) चालवला. वाचणं चालू राहिलं, लिहिणं थांबलं. पैसे भरणारे सगळे अडकले. मग तो सांगतो की पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये कॉनकरंटली, म्हणजे लिहिणं न थांबवता इंडेक्स बनवायचा पर्याय, का वापरायचा आणि त्याची किंमत काय. टेबल दोनदा वाचलं जातं, वेळ जास्त लागतो, ट्रान्झॅक्शनच्या (सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा गठ्ठ्याच्या) आत ते चालतच नाही, आणि मायग्रेशनची बरीच साधनं तर सगळं ट्रान्झॅक्शनमध्येच गुंडाळतात. मधे फसलं तर अर्धवट, अवैध इंडेक्स मागे राहतो, तो कुठे शोधायचा आणि कसा काढायचा. आणि शेवटी ते, ज्यावरून तू आणि मी सहा महिने अबोला धरला होता: एक साधा ऑल्टर टेबल (टेबलची रचना बदलायचा हुकूम) एका लांबलेल्या सिलेक्टच्या (वाचणाऱ्या क्वेरीच्या) मागे उभा राहतो आणि त्याच्या मागे बाकी सगळ्या क्वेऱ्या रांग लावतात. लॉक टाइमआउट, म्हणजे टेबलच्या कुलपासाठी किती थांबायचं त्याची मर्यादा, आधी लावा, म्हणतो. (तू बरोबर होतीस. मी तेव्हाही म्हटलं होतं की कारण नीट मांड, तर मानेन. या मुलाने नीट मांडलंय.)

ती पानं वाचून मी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. म्हणजे याला येतं! सगळं येतं. मग बाकीची साडेचारशे पानं अशी का? प्रकाशकाने लेखकाचं पत्र सोबत जोडलं होतं, त्यात उत्तर सापडलं. मूळ आराखड्यात हे प्रकरण नव्हतंच. त्याने हट्टाने घातलं, आणि "वाचक निराश होईल" म्हणून ते काढायला सांगितलंय. लातूरकडचा मुलगा आहे, नोकरी सांभाळून रात्री लिहिलंय. बाकीच्या प्रकरणांत त्याने स्वतःच्या अनुभवातलं सगळं काढून टाकलंय, कारण आराखड्यात तसं हवं होतं.

आता मी काय लिहू? कौतुकाच्या चार ओळी मी देणार नाही, एवढं ठरलंय. पण खरा अहवाल द्यायचा म्हणजे म्हणायचं की पहिली नव्वद पानं काढा, एकोणिसावं पहिलं करा, आणि बाकीचं सगळं त्या प्रकरणासारखं पुन्हा लिहा: ही गोष्ट कधी वापरू नये, कधी मोडते, मोडली तर पहाटे काय करायचं. म्हणजे त्या मुलाचं आणखी वर्ष. प्रकाशक थांबेल का? बहुधा नाही. पुस्तकच रद्द करेल, आणि त्याचं पहिलं पुस्तक माझ्या अहवालावर अडलं असं होईल. गप्प बसले तर आहे तसं छापलं जाईल, एकोणिसावं वगळून. हे दुसरं मला अजिबात सहन होत नाही. आज जो तो उठून मशीनला विचारतो आणि मशीन चालणारा कोड देतं, झटक्यात देतं. अशा वेळी ज्याने दुपारी तीन वाजता टेबल अडकवून सोडवलंय त्याचं लिहिणं वाचकापर्यंत जायलाच हवं.

माझ्या मनात असं आहे की अहवालात दोन भाग करावेत. पहिल्यात सरळ सगळं. दुसऱ्यात प्रकाशकाला सुचवावं की पाचशे पानांऐवजी दीडशे पानांचं छोटं पुस्तक करा, सात-आठ प्रकरणं, सगळी एकोणिसाव्याच्या जातीची. एक्सप्रेसचं आहे, सर्चचं आहे, ऑफसेटचं आहे, टोकनचं आहे. साहित्य त्याच्याकडे तयार असणार, फक्त त्याला कुणीतरी 'लिही' म्हणायला हवं. दीडशे पानांना वर्ष लागत नाही. कागदही वाचतो, हे प्रकाशकाला पटेल.

तुझं नवं घर कसं आहे? बंगळुरात पाण्याचं काय? चिनूची बारावी झाली की तिला महिनाभर इकडे पाठव, काकूंनाही बरं वाटेल. प्रमोशनचं काय झालं ते कळवलं नाहीस. नसेल झालं तरी कळव.

सोबत एकोणिसावं आणि अकरावं प्रकरण पाठवते आहे, लेखकाचं नाव काढून. प्रकाशकाला विचारूनच पाठवतेय. अकरावं ऑफसेटचं आहे. दोन्ही डेटाबेसवालीच्या नजरेने वाच. एकोणिसाव्यात अवैध इंडेक्स काढायची पद्धत दिलीय ती गर्दीच्या टेबलवर धोक्याची नाही ना, तेवढं नक्की बघ, कारण त्याच प्रकरणाच्या जोरावर मी भांडणार आहे. आणि दीडशे पानांची कल्पना त्या मुलाच्या जागी तू असतीस तर तुला कशी वाटली असती, ते लिही. शुक्रवारपर्यंत उत्तर दे, शनिवारी अहवाल जातो. लाल पेनच वापर, पण समासात लिही, मजकुरावर नको.

तुझी,
वैजू