घडीच्या दस्त्याची रायफल : मित्रास पत्र

अंबाजोगाई

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि छायाचित्रे पोहोचली. रुगर १०/२२ या तुझ्या रायफलचा लाकडी दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) काढून तू घडीचा, म्हणजे दुमडता येणारा दस्ता बसवलास आणि माझे मत विचारलेस. मत एवढेच, की लाकडी दस्ता कोणाला देऊन टाकू नकोस.

टेक्सासमध्ये आपण हीच रायफल चालवली, तेव्हा पर्यटक व्हिसावर आलेल्याला शिकारीचा वैध परवाना असल्याखेरीज बंदूक हाती धरता येत नाही म्हणून तू मला आधी तो काढायला लावलास, आणि ससाही न मारता मी कागदोपत्री शिकारी झालो! १९६४ साली बाजारात आलेल्या या रायफलमध्ये बोल्टला, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या अडसराला, जागी जखडणारे कुलूप नाही. काडतुसाचा दाबच बोल्टला मागे ढकलतो, टरफल बाहेर पडते आणि स्प्रिंगने पुढे येणारा बोल्ट मॅगझिनमधले (काडतुसांच्या पेटीतले) पुढचे काडतूस नळीत सारतो, मात्र प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावाच लागतो. एन.सी.सी.तल्या .२२ इंची रायफलचा बोल्ट आपण दरवेळी हाताने उघडत होतो आणि त्या खटाटोपात श्वास आपोआप ताळ्यावर येत असे. इथे हा आवर आपला आपणच घालायचा. शिवाय शेवटच्या गोळीनंतर हिचा बोल्ट उघडा राहत नाही. त्यामुळे रायफल रिकामी झाली असे गृहीत न धरता, मॅगझिन काढून, बोल्ट मागे धरून काडतुसाची जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती खाली ठेवू नकोस.

आता दस्त्याविषयी. गाल दरवेळी दस्त्यावर एकाच जागी टेकला, तरच डोळा मागची खाच आणि पुढची माशी यांच्या रेषेत येतो. घडीच्या दस्त्याला बहुधा गाल टेकण्याइतके अंगच नसते, आणि त्याची बिजागरी किंचित ढिली पडली की जुन्या बैलगाडीच्या चाकासारखा खुळखुळा सुरू होतो. .२२ चा धक्का नगण्य असल्याने दस्ता मोडणार नाही, पण नेम मात्र हलेल. अमेरिकी सैन्याने १९४२ मध्ये एम-१ कार्बाइन या आखूड रायफलला घडीचा दस्ता दिला तो छत्रीधारी सैनिकांसाठी, विमानातून उडी घेताना बंदूक अडचणीची होऊ नये म्हणून. नेमबाजी सुधारावी हा त्यामागचा हेतूच नव्हता. गाडीत सीटमागे किंवा तंबूत ठेवायला तो सोयीचा आहे, हे मान्य. दस्ता मिटवून कमरेजवळून गोळ्या झाडणे हा मात्र निव्वळ काडतुसांचा नाश आहे.

नळी १६ इंचांहून किंवा एकूण लांबी २६ इंचांहून आखूड झाली, तर अमेरिकेतला १९३४ चा कायदा वेगळी नोंदणी मागतो. तुझी नळी साडेअठरा इंचांची आहे आणि लांबी दस्ता उघडून मोजतात, तेव्हा तूर्त काळजी नाही. पुढे नळी बदलण्याचा मोह झालाच, तर आधी टेप काढ.

आमच्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्धस्वयंचलित, म्हणजे तुझ्यासारख्या पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या, रायफली प्रतिबंधित प्रवर्गात टाकल्या आहेत. आजोबांपासून चालत आलेली बारा बोअरची दुनळी २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत ठाण्यात जमा होती, आणि हरभऱ्यात रानडुकरे शिरली तरी वनखात्याच्या परवानगीवाचून ती उचलता येत नाही. तिला गोळीपेक्षा तेलच अधिक मिळते. मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही. वरातीत हवेत बार काढणारे वीर आपल्या मराठवाड्यात कमी नाहीत, आणि त्यांच्या हाती दहा गोळ्यांची, घडी घालून पिशवीत मावणारी रायफल न पडलेलीच बरी.

दस्ता बदलायला एक स्क्रू आणि नळीवरची पट्टी सोडवणे एवढेच काम आहे. तेव्हा एकाच दिवशी, त्याच काडतुसांनी, ५० यार्डांवर आधी लाकडी आणि मग घडीच्या दस्त्यावर पाच-पाच गोळ्या मार आणि दोन्ही लक्ष्यांचे कागद मला पाठव. घडीच्या दस्त्याचा कागद सरस निघाला, तर मी माझे मत मागे घेईन.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
बाबू