ओढ्याकाठचं शेत विकू नका

लेस्टर, इंग्लंड,
17 ऑगस्ट 2025

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणालच. पण फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मध्येच कुकरची शिट्टी होते आणि मुद्दा तसाच राहतो. दादाला सांगितलंय, हे मोठ्या अक्षरात छापून आण. बाबा, तुम्ही डोळे ताणून वाचू नका, आईला वाचायला सांगा.

मुद्दा असा, की ओढ्याकाठच्या अर्ध्या एकराला गिऱ्हाईक बघणं आजपासून बंद करा. दादा म्हणाला, परवा कुणीतरी येऊन बांधावरून पावलं टाकत मोजून गेलं. मला त्या रात्री ड्युटीवर झोप नव्हतीच, घरी आल्यावरही लागली नाही.

तुमची समजूत अशी झालीय, की जावईबापूंच्या व्हिसासाठी इथलं सरकार पैसे मागतंय आणि ते भरले की जावईबापू पुढच्या विमानात बसतील. तसं नाही. बाबा, तुम्ही शिक्षक पतपेढीत दोन-तीन जणांना जामीन राहिलात ना, तेव्हा पतपेढीने तुमच्याकडून पैसे नव्हते घेतले, तुमचं पगारपत्रक बघितलं होतं. हे अगदी तसंच. मी जामीनदार. नवऱ्याला इथे आणायचं तर माझा वर्षाचा पगार, कापाकापीच्या आधीचा, 29,000 पौंड दिसायला हवा. महिन्याला साधारण 2,417. आल्यावर त्यांना सरकारी मदतीवर राहता येत नाही, म्हणून मी दोघांचं भागवू शकते का, एवढंच सरकारला बघायचंय.

जावईबापूंना शिरोलीच्या फाउंड्रीत चांगला पगार आहे, तो का धरत नाहीत, असं आई तीनदा विचारून झालीय. नाही धरत. ते तिथून अर्ज करणार, म्हणजे तिथली नोकरी सोडूनच येणार. मग जो पगार बंद होणार तो कशाला मोजायचा, असा सरकारचा हिशेब. गंमत म्हणजे जावईबापूंच्या खात्यातली बचत मात्र चालते. ह्या नियमांत अशा गमती बऱ्याच आहेत. मी वर्क व्हिसावर असताना लग्न केलं असतं, तर ते माझे अवलंबित म्हणून आले असते आणि ही 29,000 ची भानगडच नसती. पाच वर्षं राबून इथे कायम राहायचा हक्क मिळवला, आणि त्यामुळेच आता हा दुसरा नियम लागू झाला. शिवाय 2012 पासून हा आकडा 18,600 होता, 11 एप्रिल 2024 ला एकदम 29,000 झाला. पुढे तो 38,700 पर्यंत न्यायचं जाहीर झालं होतं, पण सरकार बदललं आणि तूर्त तो 29,000 वर थांबलाय. आपण लग्नासाठी पंचांगातल्या सगळ्या तारखा बघितल्या, ही सोडून.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. आई, रागावू नकोस.

पगार कमी पडला तो नोकरीत काही बिघडलं म्हणून नाही. गेल्या वर्षी माझ्या कमरेची गादी सरकली. इथे म्हाताऱ्या माणसांना उचलायला हॉइस्ट नावाचं यंत्र असतं, पण पहाटे चार वाजता कुणी पलंगावरून घसरायला लागलं, तर यंत्र आणायला जायला वेळ कुठला असतो? हाताने सावरलं आणि तिथेच कळ आली. दोन महिने नीट बसता येत नव्हतं. तुम्हाला व्हिडिओ कॉलवर मी पलंगावर लोळत बोलायचे, तू म्हणायचीस, फार आळशी झालीस. त्यानंतर तीनच्या जागी आठवड्याला दोनच शिफ्ट घेतल्या. बारा तासांची एक, तासाला 20 पौंड. वर्षाचे झाले 24,960. एकटीला पुरत होते, बचतही होत होती. लग्न ठरलं तेव्हा हा आकडा आड येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तेव्हा डोक्यात हॉल, केटरर आणि तुझ्या बहिणींचे रुसवे होते.

म्हणजे तूट पडली 4,040 ची. बाबांना वाटतं, एवढीच ना, चार-पाच लाख तर पाठवायचे. तसं असतं तर मीच भरले असते. पगाराची तूट बचतीने भरून काढायची रीत ऐका. पहिले 16,000 पौंड ते मोजतच नाहीत. ते असून नसल्यासारखे. त्याच्या वर तुटीच्या अडीच पट रक्कम हवी. व्हिसा पावणेतीन वर्षांचा असतो, त्याच्या अंदाजाने अडीच पट. 4,040 ची अडीच पट 10,100, अधिक 16,000, एकूण 26,100 पौंड. आजच्या भावाने तीस लाखांच्या वर. चार हजारांच्या भोकाला सव्वीस हजारांचं ठिगळ.

ते पैसेही माझ्या नाहीतर जावईबापूंच्या नावावर सलग सहा महिने पडून राहायला हवेत. मध्ये एक दिवस जरी खाली गेले तरी मोजणी पहिल्यापासून. बाबांच्या नावावर असून उपयोग नाही. तुम्ही दिले तर बक्षीस म्हणून द्यायचे, कर्जाऊ चालत नाहीत. ‘आता दे, व्हिसा झाला की परत घेईन’ असं आपण घरात ठरवलं तर तो खोटेपणा झाला, आणि खोटेपणा सापडला की पुढचे अर्जही धोक्यात. बाबा, शाळेच्या हजेरीत कधी खोटा ‘उ’ न लावणाऱ्या माणसाला मी हे करायला सांगणार नाही.

शेत विकायचं म्हणजे सातबारा, मोजणी, काकांची सही, दस्त. त्यात दिवाळी जाईल. मग पैसे खात्यात पडल्यावर पुढे सहा महिने. म्हणजे अर्ज गेला पुढच्या उन्हाळ्यात. उलट मी पगार वाढवला तर त्याच एका मालकाकडच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा पुरतात. मी जुलैपासून दोन आठवड्यांत पाच शिफ्ट घ्यायला लागलेय. फिजिओ बाईंना विचारून, कमरेला पट्टा बांधून, आणि दोनजणी असल्याशिवाय कुणाला उचलायचं नाही ह्या अटीवर. मॅनेजरने ते लेखी दिलंय. हिशेबाने वर्षाचे 31,200 होतात. जुलैची स्लिप आली. सहावी डिसेंबरची. जानेवारीत अर्ज. सांगा आता, शेत विकून कुठे लवकर पोचणार होतो?

स्लिपवरचा आकडा आणि बँकेच्या स्टेटमेंटमधला आकडा पेनीला पेनी जुळावा लागतो, म्हणून मी दोन्ही शेजारी लावून एका फाइलीत ठेवतेय. बाबा पगारवाटपाच्या दिवशी टाचणीने कागद लावायचे, तसं. इथे टाचणी मिळाली नाही, स्टेपलर मारलाय.

आता बाबांच्या डोळ्याचं. तुम्ही म्हणालात, पोरगी महिनाभर येईल तेव्हाच मोतीबिंदू काढू. ते जमणार नाही. माझा पगार तासावर, त्यामुळे सहा महिन्यांची सरासरी काढतात. माझे सहा महिन्यांचे 15,600 होणार, लागतात 14,500. मध्ये सगळे मिळून 1,100 ची फट, म्हणजे जेमतेम चार शिफ्ट. महिनाभर बिनपगारी रजा घेतली तर सरासरी खाली जाते आणि मोजायला पुन्हा एकपासून सुरुवात. पगारी रजा धरतात, तेवढे दहा दिवस मी ऑक्टोबरमध्ये येतेय, लक्ष्मीपूजनाला घरी असेन. पण डोळा तोवर थांबवू नका. दादा रजा टाकणार आहे. ड्रॉप घालायला आई आहे, तिला पाच माणसांचे डोस पाठ असतात. मी नर्स असून घरच्या माणसाच्या डोळ्यात औषध घालायला नाही, हे मला किती लागतं ते फोनवर बोलले नाही, इथेही जास्त लिहीत नाही.

फीसुद्धा मोठी आहे. अर्जाचे 1,938 पौंड, आणि दवाखान्याच्या नावाने वर्षाला 1,035 प्रमाणे तीन वर्षांचे 3,105 एकदम आधी. पाच हजारांच्या वर झाले. ते आमचे आम्ही जमवलेत, निम्मे त्यांनी फाउंड्रीच्या पगारातून. हे मावशीला जरूर सांग, कारण ‘जावयाला बायको पोसणार’ हे तिचं वाक्य माझ्या सासरपर्यंत गेलंय. पोसणार तर पोसणार. तुझ्या आजारपणात बाबांनी वर्षभर भाकऱ्या थापल्या, तेव्हा कुणी कुणाला पोसलं ते मावशीने मोजलं नव्हतं. आणि इथे आल्या आल्या त्यांना काम करता येतं, त्यांना घरात बसवायला मी आणत नाहीये.

लग्न खरं आहे हेही दाखवावं लागतं. फोटो, तिकिटं, फोन केल्याच्या नोंदी, थोडे मेसेज. आई, तुला लाज वाटली, पण मी निवडूनच देणार. आमच्या मेसेजमध्ये नव्वद टक्के ‘जेवलास का’ आणि ‘गॅस नंबर लावला का’ असंच आहे. साहेबाला खात्री पटेल, हे नवरा-बायकोच. हळदीचा तो फोटो घातलाय, ज्यात बाबा मागे खुर्चीत झोपलेत.

जावईबापूंची टीबीची तपासणी व्हायची आहे, ठरवून दिलेल्या केंद्रातच. इंग्रजी बोलायची एक सोपी परीक्षा आहे. त्यांना तिची उगाच धास्ती वाटते. फाउंड्रीत जर्मन इन्स्पेक्टरशी वाद घालणारा माणूस ‘तुमचा आवडता सण कोणता’ ह्याला घाबरतोय.

तुमच्याकडून मला फक्त एवढंच हवंय. विवाह नोंदणीचा दाखला कपाटात वरच्या खणात, आईच्या पैठणीखाली आहे. त्यावर त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का ते दादाला बघू दे. चुकलं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घेऊ, जानेवारीत धावपळ नको. रविवारी जावईबापू येणारच आहेत, त्यांच्याकडेच दे. आणि बाबा, त्यांच्यासमोर शेताचा विषय काढू नका. मागच्या खेपेला तुम्ही काढलात आणि ते बिचारे जेवणावरून अर्धपोटी उठले, मला नंतर कळलं.

ऊस लावायचाय तर लावा त्यात. नाहीतर भुईमूग करा. शेंगा धरल्यावर कधी आले की ओल्या शेंगा उकडून खायच्या आहेत मला, बाजारातल्या नाही, ओढ्याकाठच्या.

डोळ्याची तारीख मिळाली की लगेच कळवा, रात्री दोन वाजता असली तरी. मी ड्युटीवर जागीच असते.

तुमची
पमी