मंत्रिमहोदय, आमची ओल मोजून झाली का?

मा. गृहनिर्माण मंत्री,
आयर्लंड सरकार, डब्लिन

स.न.वि.वि.

तुम्हाला मराठी येत नाही, ठाऊक आहे. पण भांडायचं तर मला मराठीतच जमतं.

मागल्या आठवड्यात नाइट ड्यूटीवरून घरी आले, तर दारातून आत टाकलेली नोटीस पायाखाली आली. मालक घर विकतोय, १८० दिवसांत खाली करा. सहा वर्षं एक तारीख चुकवली नाही, त्याचं हे बक्षीस. मालकाला तरी काय बोलणार? कायदा तुमचाच.

२०२४ च्या निवडणुकीआधी सरकार सांगत होतं, यंदा ४० हजारांच्या आसपास घरं होतील. जानेवारीत आकडा आला ३०,३३०. उरलेली काय उंदरांनी खाल्ली? तेव्हा सरकारी निवाऱ्यांत १५ हजारांवर बेघर होते, त्यात साडेचार हजारांवर मुलं!

मध्यंतरी कसल्याशा पाहणीसाठी एक बाई घरी आल्या. खोल्या किती, माणसं किती, भिंतींना ओल आहे का? चहा-चिवडा दिला, मुलीच्या पलंगामागची काळी बुरशी दाखवली. बाईंनी टॅबवर एक टिचकी मारली. झालं. दर रविवारी मी ती बुरशी ब्लीचने पुसते, बुधवारपर्यंत पुन्हा हजर. पोरीचा खोकला ऑक्टोबरला सुरू होतो तो मार्चपर्यंत.

अभ्यासाचा तुमच्याकडे दुष्काळ नाही. आर्थिक-सामाजिक संशोधन संस्था १९६० पासूनची. परदेशातून आलेले इथल्यांपेक्षा जास्त दाटीवाटीने राहतात, हे तिने छापून दिलंय. तुम्हीच नेमलेल्या हाउसिंग कमिशनने तुटवडा मोजला, दोन ते अडीच लाख घरांचा. मोजा अजून! २०१५ मध्ये तुमचा जीडीपी एका वर्षात २६ टक्के वाढला म्हणे, कंपन्यांनी मालमत्ता कागदावर इकडे आणली म्हणून. ॲपलकडचे कराचे १३ अब्ज युरो तर तुम्हाला नकोच होते, कोर्टाने घ्यायला लावले. आमच्या पगारातला कर मात्र तुम्ही कधी नाकारला नाहीत.

मालवणजवळच्या वराडचे वराडकर तुमचे पंतप्रधान झाले, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. घरं खाली करून घेण्यावरची बंदी २०२३ च्या मार्चअखेर उठली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. असो, पेढे परत मागत नाही.

शनिवारी एक फ्लॅट बघायला गेलो. पावसात चाळीसेक माणसं, प्रत्येकाच्या काखेत पगाराच्या स्लिपांची फाइल. आमचा नंबर येईस्तोवर एजंट कुलूप लावून निघाला होता.

१८० मधले नऊ दिवस गेले.

आपली,
एक भाडेकरू नर्स