गाडी विकली, नाव मात्र माझेच राहिले

महोदय,

सव्वादोन वर्षांपूर्वी मी माझी जुनी दुचाकी नागपुरातील जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याला विकली, मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या आणि ‘आठवड्याभरात नाव बदलून जाईल’ या त्याच्या शब्दावर विसंबून तो विषय डोक्यातून काढून टाकला. गेल्या महिन्यात मोबाइलवर ई-चलनाचा संदेश आला. बर्डीवर ‘नो पार्किंग’मधून ती गाडी उचलून नेली होती आणि दंड माझ्या नावावर निघाला होता. रक्कम फार मोठी नव्हती. मी हादरलो ते एम परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहिल्यावर, कारण मालक म्हणून अजून माझेच नाव होते आणि विम्याची मुदत संपून चौदा महिने झाले होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडी विकली गेली की चालू विमा नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते. मुदत संपताना नूतनीकरणाची आठवण मात्र कंपनीच्या नोंदीतील जुन्या मालकालाच येते. ‘गाडी आता आपली नाही’ म्हणून तो ती पुसून टाकतो (मीही तेच केले), आणि ज्याच्या हातात गाडी आहे त्याला कोणी काहीच कळवत नाही. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा (गाडीने इतरांना झालेल्या इजेची वा नुकसानीची भरपाई देणारा) कर वगळून वर्षाला ७१४ रुपयांचा होता. एवढ्या पैशांसाठी राहून गेलेल्या विम्यामुळे, त्या गाडीने कुणाला उडवले असते तर भरपाईची जबाबदारी माझ्यावर आली असती. गाडी अनेक हातांतून गेली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे, आणि मृत्यूच्या भरपाईची रक्कम सामान्य पगारदाराचे घर विकायला लावू शकते.

चूक माझीही आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. शिवाय एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचे अधिकारपत्र लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये नोंदवली की पुढील जबाबदारी त्याच्याकडे जाते. मला तेव्हा याचा पत्ताच नव्हता, आणि मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या कुणालाही तो नव्हता. अधिकारपत्र दुकानाच्या दर्शनी भागात लावलेले आहे का, हे आरटीओने स्वतः फिरून पाहिले पाहिजे.

वाहतूक पोलिसांना माझी विनंती आहे की उचललेली गाडी सोडवायला येणाऱ्याकडून केवळ पैसे घेऊन ती परत देऊ नये. नोंदणीतील नाव, समोरची व्यक्ती आणि विम्याची तारीख तिथेच ताडून पाहावी. विनाविमा गाडीसाठी पहिल्या वेळी २,००० आणि नंतर ४,००० रुपये दंड कायद्यात आहेच, पण दंड भरल्याने विमा निघत नाही. तो मोबाइलवर उभ्या उभ्या काढता येतो, तेव्हा तो काढूनच गाडी रस्त्यावर जाऊ द्यावी. टोइंगच्या शुल्कावरून शहरात वाद होत असतात, म्हणून पावतीवर दंड किती आणि गाडी उचलण्याचे शुल्क किती हे वेगवेगळे छापलेले असावे, एवढेच त्याबद्दल म्हणतो.

मी आता आरटीओत लेखी अर्ज दिला आहे. ती गाडी सध्या कोण चालवतो हे व्यापाऱ्याला सांगता येत नाही, त्यामुळे या पत्राच्या दिवसापर्यंत ती विम्याविना आणि माझ्याच नावावर नागपुरात फिरते आहे.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर